भिंतीवरची मोकळी जागा

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अमेरिकेतील मेरीलँड राज्याची राजधानी ॲनापोलिस हे खाडीकाठचे एक लहानसे शहर आहे. तेथील राज्यभवनाची इमारत १७७२ साली बांधावयास घेतली गेली. विधिमंडळाच्या अखंड वापरात असलेली अमेरिकेतील सर्वांत जुनी इमारत म्हणून तिची ख्याती आहे. याच इमारतीत २३ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन उभे राहिले आणि त्यांनी सरसेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला. स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेले सैन्य पाठीशी होते. सत्तेची वस्त्रे मागितली असती, तर ती अंगावर चढविणारेही निघाले असते. पण हा माणूस राजीनाम्याचा कागद सुपूर्द करून आपल्या शेतीवाडीकडे निघून गेला. त्या दालनाचे महत्त्व अमेरिकन माणसाच्या मनात फार मोठे आहे.

त्याच इमारतीत राज्यपालांचा स्वागतकक्ष आहे आणि त्याच्या भिंतीवर माजी राज्यपालांची चित्रे लावण्याचा प्रघात होता. अमेरिकेत राज्यपाल हा लोकांनी निवडून दिलेला असतो. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना करावी, राजभवनातील राज्यपालांशी नव्हे. १९७९ साली या रांगेतून एक चित्र उतरविण्यात आले. सोळा वर्षे ते त्या भिंतीवर नव्हते. १९९५ साली ते पुन्हा लागले. चित्रातील गृहस्थ स्पायरो ॲग्न्यू. ते १९६७ ते १९६९ या काळात मेरीलँडचे राज्यपाल होते आणि त्यानंतर रिचर्ड निक्सन यांच्याबरोबर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

चित्र लावले काय आणि उतरविले काय, त्यात एवढे विशेष ते काय, असे कोणालाही वाटेल. पण एखाद्या संस्थेला स्वतःच्याच घरातील अपराधी माणसाशी कसे वागावयाचे, हे ठरविण्याची वेळ येते, तेव्हा तिची खरी परीक्षा होते. शत्रूचे चित्र कोणी लावीत नाही, त्यामुळे तेथे प्रश्नच नसतो. प्रश्न येतो तो आपणच निवडलेल्या, आपणच हार घातलेल्या माणसाचा.

ॲग्न्यू यांची हकिगत थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण त्यांचे नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ग्रीसमधून आलेल्या एका उपाहारगृहचालकाचा हा मुलगा, १९१८ साली बाल्टिमोर येथे जन्मलेला. कायद्याचे शिक्षण घेतले, दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून लढला आणि १९६२ साली बाल्टिमोर काउंटीचा, म्हणजे त्या जिल्ह्याचा, प्रमुख कार्यकारी म्हणून निवडून आला. १९६६ साली राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्याच्यासमोर जो प्रतिस्पर्धी होता, त्याचा सारा प्रचार कृष्णवर्णीयांना गोऱ्या वस्त्यांत घरे मिळू नयेत या भावनेवर चालला होता. त्यामुळे सुबुद्ध, सुधारणावादी मतदार ॲग्न्यूंच्या पाठीशी उभा राहिला. राज्यपाल म्हणून त्यांनी काही चांगली कामेही केली. करपद्धतीत सुधारणा झाली. घरांच्या विक्रीतील वर्णभेदाला आळा घालणारा कायदा झाला. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहांना बंदी करणारा जुना कायदा त्यांच्याच कारकिर्दीत रद्द झाला. भिंतीवर चित्र लागावे, एवढे काम या माणसाच्या नावावर होते हे विसरून चालणार नाही.

पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर हेच ॲग्न्यू ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या घोषणेचा चेहरा बनले. वृत्तपत्रे, विद्यापीठे, निदर्शने करणारे तरुण या सर्वांवर ते शब्दांचे आसूड ओढीत. घरोघरच्या मध्यमवर्गीयांना ते आपले वाटत. १९७२ साली निक्सन आणि ॲग्न्यू ही जोडी प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आली. निक्सन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून त्यांचेच नाव पुढे केले जाऊ लागले होते.

आणि १९७३ साली मेरीलँडमधील ठेकेदारीच्या एका चौकशीचा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचला. रस्ते, पूल, जलवाहिन्या यांचे आराखडे करणाऱ्या अभियांत्रिकी कंपन्यांची निवड करताना तेथे निविदा मागवाव्या लागत नसत. काम कोणाला द्यावयाचे हे पदाधिकारी ठरवी. जेथे निविदा नाही तेथे पाकीट आले, हा अनुभव सातासमुद्रापलीकडेही वेगळा नाही. सरकारी पक्षाने न्यायालयात मांडलेल्या चाळीस पानांच्या निवेदनात म्हटले होते की, काउंटीचे प्रमुख असताना सुरू झालेली ही रोख रकमेची देवघेव ॲग्न्यू राज्यपाल झाल्यावर आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही चालू राहिली. हे प्रकरण बाहेर काढणारे सरकारी वकील जॉर्ज बील हे ॲग्न्यूंच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. त्यांचे सख्खे भाऊ त्याच पक्षाचे मेरीलँडमधील सिनेटर होते. हा तपशील मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आपल्या पक्षाचा माणूस म्हणून बील यांनी फाईल मिटली असती, तर आज हा विषयच निघाला नसता.

१० ऑक्टोबर १९७३ रोजी ॲग्न्यू यांनी पदाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी ते बाल्टिमोरच्या न्यायालयात उभे राहिले. १९६७ सालचा प्राप्तिकर चुकविल्याच्या एका आरोपाला आपण आव्हान देत नाही, असे त्यांनी सांगितले. ही कबुली नव्हे आणि नकारही नव्हे. पण या पवित्र्याचा कायदेशीर अर्थ गुन्हा कबूल करण्यासारखाच आहे, हे न्यायाधीशांनी तेथेच स्पष्ट केले. दहा हजार डॉलर दंड झाला आणि तीन वर्षे चांगल्या वर्तनाच्या हमीवर मुक्तता झाली. तुरुंग टळला. १९७४ साली वकिलीची सनद गेली. पुढे एका विद्यापीठातील विधिशाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली हा विषय उचलला, करदात्यांच्या वतीने दावा उभा राहिला आणि १९८१ साली न्यायालयाने ॲग्न्यूंना हुकूम केला की, लाच म्हणून घेतलेले १,४७,५०० डॉलर आणि त्यावरचे व्याज १,०१,२३५ डॉलर राज्याच्या तिजोरीत भरावे. ते त्यांनी १९८३ साली भरले. आणि त्या भरलेल्या रकमेवर करसवलत मिळावी म्हणून अर्जही केला! तो अर्थातच फेटाळला गेला. आपण लाच घेतलीच नाही, हे मात्र ते १९९६ साली मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले.

आता चित्राकडे वळू. १९७९ साली ते उतरले, तेव्हा राज्यपालपदी हॅरी ह्यूज आले होते. ह्यूज हे डेमोक्रॅट. म्हणजे विरोधी पक्षाच्या माणसाने विरोधी पक्षाच्या माणसाचे चित्र काढले, असे वरवर दिसते. पण प्रकरण तितके सरळ नाही. हेच ह्यूज पूर्वी राज्याचे परिवहन सचिव होते आणि बाल्टिमोरच्या भुयारी रेल्वेच्या एका कंत्राटात ढवळाढवळ होत आहे, हे दिसताच १९७७ साली त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला होता. तेव्हा सत्तेवर होते त्यांच्याच पक्षाचे लोक! त्यांचा एका वर्षानंतरचा निवडणुकीतील विजय हा त्या स्वच्छ राजीनाम्याचा विजय होता. पाकिटांच्या राजकारणाला कंटाळलेल्या लोकांनी त्यांना निवडून दिले होते. अशा माणसाच्या स्वागतकक्षात रोज येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांसमोर ॲग्न्यूंचा चेहरा टांगलेला राहावा, हे खटकणारच. चित्र उतरविण्यामागे सूडबुद्धी होती, असे म्हणण्याला आधार नाही. किळस असावी, आणि ती किळस प्रामाणिक माणसाची होती.

आपल्या मराठी घरांत तर ही भावना अधिकच तीव्र असते. आपल्याकडे भिंतीवरची तसबीर ही केवळ नोंद नसते. तिला हार पडतो, सणावाराला तिच्यासमोर उदबत्ती लागते. ‘त्यांचा फोटो लावला’ म्हणजे त्यांना मान दिला, असाच अर्थ समाजमनात रुजलेला आहे. म्हणून कोणाचा फोटो उतरविला, की त्याचा मान काढून घेतला असे आपण समजतो आणि तेथे विषय संपला असे मानतो.

पण विषय तेथे संपत नाही. चित्र उतरविल्यानंतर त्या भिंतीवर काय उरते? काहीच नाही. शेजारची चित्रे थोडी सरकवली, की रांग पुन्हा सलग दिसू लागते. शाळेची सहल येते, मुले एकामागून एक चेहरे पाहतात आणि पुढच्या दालनात जातात. १९६७ ते १९६९ या काळात राज्यपाल कोण होते, हा प्रश्न त्यांच्या मनात येण्याचे कारणच राहत नाही. पाहणाऱ्याला वाटते, येथे सगळे राज्यपाल चांगलेच झाले. ज्या माणसाची लाज वाटावी म्हणून चित्र काढले, त्याचीच लाज त्या मोकळ्या जागेने झाकली. ॲग्न्यू यांच्या दृष्टीने पाहिले, तर याहून मोठी मेहेरबानी कोणती?

शाळा, वाचनालय, सहकारी संस्था यांच्या कार्यालयांत माजी अध्यक्षांच्या नावांचे लाकडी फलक असतात. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव आणि कार्यकाळ. त्या यादीतल्या एखाद्याने पुढे ठेवीदारांचे पैसे बुडविले, तर कार्यकारिणीच्या बैठकीत काय होते, हे अशा संस्थांत वावरलेल्या कोणालाही सांगावयास नको. एक सभासद म्हणतो, नाव खरवडून काढा. दुसरा म्हणतो, नको, पाटी विद्रूप दिसेल. तिसरा म्हणतो, पुढच्या वेळी फलक नवा करू तेव्हा आपोआप गळेल. बहुधा तिसऱ्याचे म्हणणे मान्य होते, कारण त्यात कोणालाच काही बोलावे लागत नाही. आणि हा न बोलण्याचा मार्गच सर्वांत घातक असतो. पुढच्या पिढीतील सचिव नवी पाटी पाहतो आणि त्याला वाटते की, पतपेढीत घोटाळा होणे ही दुसऱ्या संस्थांची गोष्ट आहे.

या प्रश्नाला एका जुन्या प्रजासत्ताकाने सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी जे उत्तर शोधले, ते आजही पाहावयास मिळते. ते प्रजासत्ताक व्हेनिसचे. त्या नगरराज्याच्या प्रमुखाला ‘दोजे’ म्हणत. तो आजन्म निवडलेला असे, पण राजा नसे. त्याच्यावर सरदारांच्या सभांचा सतत पहारा असे. दोजेच्या प्रासादात महासभेचे विस्तीर्ण दालन आहे. त्याच्या छताखाली पहिल्या ७६ दोजेंच्या चित्रांची पट्टी धावते. एकेका चौकटीत दोघे दोघे दोजे, प्रत्येकाच्या हाती एक गुंडाळी, तिच्यावर त्याच्या कारकिर्दीचा उल्लेख. आणि या रांगेत एके ठिकाणी चेहराच नाही. तेथे काळे वस्त्र रंगविलेले आहे आणि त्या वस्त्रावर लॅटिन अक्षरांत लिहिले आहे, की ही जागा मारिनो फालिएरो याची, अपराधांबद्दल त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

फालिएरो हा काही भुरटा माणूस नव्हता. सेनानी आणि राजदूत म्हणून त्याने प्रजासत्ताकाची दीर्घ सेवा केली होती. सत्तरीच्या घरात असताना, १३५४ साली, त्याला दोजे निवडण्यात आले. एका उद्धट तरुण सरदाराने त्याच्या पत्नीविषयी अभद्र मजकूर लिहिला आणि न्यायमंडळाने त्याला किरकोळ शिक्षा देऊन सोडले, त्या अपमानाने म्हातारा पेटला, अशी कथा सांगतात. तिच्यात दंतकथेचा भाग किती हे बाजूला ठेवू. इतिहासाला ठाऊक आहे ते असे की, त्याने सरदारवर्गावर असंतुष्ट असलेल्या काही लोकांना हाताशी धरले, सरदारांची कत्तल करून स्वतः सर्वसत्ताधीश व्हावे असा कट रचला आणि तो आयत्या वेळी फुटला. कटातल्या एकाने आपल्या मर्जीतल्या सरदाराला सावध केले होते. ‘दहांचे मंडळ’ नावाच्या न्यायसभेने भराभर चौकशी केली. साथीदारांना प्रासादाच्या सज्ज्यातून फाशी दिले आणि १७ एप्रिल १३५५ रोजी, प्रासादाच्या ज्या जिन्यावर दोजे पदाची शपथ घेत, त्याच जिन्यावर फालिएरोचे मस्तक उडविले.

१३६६ साली याच मंडळाने ठराव केला की, त्याचे चित्र पुसावे, पण जागा तशीच राखून तीवर कारण लिहावे. १५७७ साली महासभेच्या दालनाला भीषण आग लागली आणि सारी चित्रे जळाली. पुढे दोमेनिको तिंतोरेत्तो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती पट्टी नव्याने रंगविली. येथे क्षणभर थांबून विचार करावा. दोनशे वर्षे उलटून गेली होती. फालिएरोला ओळखणारे कोणी उरले नव्हते. आगीने आयतीच संधी दिली होती. ७५ चित्रे सलग रंगविली असती तर कोणी हरकत घेतली नसती. पण व्हेनिसने पैसे देऊन, चित्रकार बसवून, ती न दिसणाऱ्या चेहऱ्याची जागा मुद्दाम पुन्हा रंगवून घेतली. आपल्या घरातील कलंकही आपल्याच दप्तराचा भाग आहे, ही जाण त्या सरदारांना होती. ते काही फार सज्जन लोक होते असे नाही. त्यांचे मंडळ गुप्त आरोपांवर माणसे पकडीत असे. तरीही या एका बाबतीत त्यांची रीत आजच्या कित्येक लोकशाह्यांहून धीट होती.

आणि परिणाम पाहा. त्या दालनात शिरणारा प्रवासी ७५ चेहऱ्यांवरून नजर फिरवतो आणि काळ्या वस्त्राजवळ थांबतो. हे काय, म्हणून विचारतो. बायरन या इंग्रज कवीने १८२१ साली याच विषयावर नाटक प्रसिद्ध केले, फ्रान्समधील दलाक्रवा याने १८२६ साली त्या शिरच्छेदाचे मोठे चित्र रंगविले. रांगेतील कितीतरी कर्तबगार दोजेंची नावे व्हेनिसबाहेर कोणाला सांगता येणार नाहीत. लपविलेला माणूस विसरला गेला असता. झाकून खाली नाव लिहिलेला माणूस आठवणीत राहिला, आणि त्याच्या अपराधासकट राहिला.

तर मग मेरीलँडनेही काळे वस्त्र टांगावयास हवे होते काय? हा प्रश्न विचारताना त्याच राज्याची दुसरी एक हकिगत ध्यानात घ्यावी लागते. ॲग्न्यू वॉशिंग्टनला गेल्यावर त्यांच्या जागी मार्व्हिन मँडेल राज्यपाल झाले. तेही पुढे अडचणीत आले. १९७७ साली घोड्यांच्या शर्यतीच्या एका मैदानाशी निगडित प्रकरणात टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांची उरलेली शिक्षा माफ केली. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात टपाल-फसवणुकीच्या कायद्याचा अर्थ आखडता केला आणि त्या आधारे त्याच वर्षी मँडेल यांची दोषसिद्धीच रद्द झाली. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा अपराधी कायद्याच्या दृष्टीने अपराधी राहिला नाही. स्वागतकक्षात त्यांचे चित्र लागले, ते त्यानंतर काही वर्षांनी.

तेव्हा भिंतीने न्यायालयाच्या पुढे धावू नये, हा धडा मेरीलँडला आपल्याच घरात मिळाला. काळे वस्त्र रंगविले की ते पुसता येत नाही. निकाल मात्र बदलू शकतात. शिवाय माणसाचा चेहरा झाकला, की त्याची चांगली कामेही त्याखाली जातात. वर्णभेदाविरुद्धच्या कायद्यावर ज्या राज्यपालाची सही आहे, तो कसा दिसत होता हे पाहण्याचा हक्क त्या कायद्याने ज्यांना घर मिळाले त्यांच्या मुलांना आहेच.

१९९५ साली पॅरिस ग्लेंडेनिंग राज्यपाल झाले. तेही डेमोक्रॅट, आणि राजकारणात येण्यापूर्वीपासून विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ॲग्न्यूंचे चित्र परत लावविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, इतिहास चांगला असो वा वाईट, तो बदलण्याचा अधिकार कोणा एका माणसाला नाही. त्यांनी या संदर्भात जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीचा दाखला दिला. नकोशा झालेल्या माणसांची नावे जुन्या वृत्तपत्रांतूनही खोडून टाकणाऱ्या राजवटीची ती कथा. चित्र परत लावल्याने ग्लेंडेनिंग यांना राजकीय लाभ काहीच नव्हता. उलट भ्रष्ट विरोधकाची बाजू घेतली, असा ठपका येण्याचाच संभव होता. राज्यकर्ता जेव्हा आपल्या प्रतिपक्षाच्या माणसाबाबत नियम पाळतो, तेव्हाच तो नियम आहे हे सिद्ध होते.

योगायोग असा की, त्याच १९९५ सालच्या २४ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये ॲग्न्यूंच्या संगमरवरी अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. उपराष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा अध्यक्ष असतो, म्हणून प्रत्येक उपराष्ट्राध्यक्षाचा अर्धपुतळा सिनेटने ठेवावा, अशी परंपरा १८८६ पासून चालत आली आहे. ॲग्न्यूंच्या बाबतीत ती पुरी होण्यास बावीस वर्षे लागली. स्वतः ॲग्न्यू त्या समारंभाला हजर होते. हा सन्मान आपल्याला मिळू नये असे मानणारे लोक आहेत, याची आपणास जाणीव आहे, असे ते तेथे म्हणाले. पण या समारंभाचा संबंध आपल्यापेक्षा आपण भूषविलेल्या पदाशी अधिक आहे, असेही त्यांनी सांगितले. बोलणे अचूक होते. फक्त ते त्यांच्या तोंडी शोभत नव्हते. चित्र पदाचे असते हे खरेच, पण ते पद त्यांनी पाकिटांच्या भावाने विकावयास काढले होते, अशी नोंद न्यायालयाच्या दप्तरी आहे.

पदाचे चित्र हा नियम मानला, तरी त्याला मर्यादा आहेत काय? तेथीलच प्रतिनिधिगृहाचे उदाहरण घेता येईल. डेनिस हॅस्टर्ट हे १९९९ ते २००७ अशी आठ वर्षे गृहाचे सभापती होते. गप्प राहण्यासाठी एका माणसाला द्यावयाच्या पैशांपायी त्यांनी बँक व्यवहारांत केलेली लपवाछपवी उघडकीस आली. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यामागचे सत्य अत्यंत घृणास्पद होते. शाळेत शिक्षक आणि कुस्तीचे प्रशिक्षक असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केले होते. नवे सभापती पॉल रायन, हे हॅस्टर्ट यांच्याच पक्षाचे, पदावर येताच काही दिवसांत सभापतींच्या दालनाबाहेरील कक्षातून हॅस्टर्ट यांचे चित्र उतरले. येथे विरोध करण्यास जीभ धजत नाही. एखाद्या पीडित मुलाला, आता तो प्रौढ झाला असला तरी, त्या कक्षातून जाताना तो चेहरा दिसावा, असे कोण म्हणेल? पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, सभापती नॅन्सी पेलोसी यांनी यादवी युद्धात फुटीर दक्षिणेची बाजू घेतलेल्या चार माजी सभापतींची चित्रे उतरवण्याचा आदेश दिला. त्यांतील रॉबर्ट हंटर हे १८३९ साली सभापती झाले होते. एकदा चित्र उतरवण्याची सवय लागली, की यादी मागे मागे जाऊ लागते आणि पुढे पुढेही. आज एका पक्षाचा सभापती उतरवतो, उद्या दुसऱ्या पक्षाचा. भिंतीवर कोण राहील हे मग बहुमत ठरवते.

हॅस्टर्टसारख्यांचे चित्र गर्दीच्या, मानाच्या कक्षातून हलवावे, हे समजू शकते. पण हलविणे आणि नाहीसे करणे यांत अंतर आहे. ते अंतर राखण्याचे काम दप्तराचे. मेरीलँडमध्ये या बाबतीत एक व्यवस्था विशेष उल्लेखनीय आहे. तेथे राज्याच्या मालकीची चित्रे सांभाळण्याची जबाबदारी राज्य अभिलेखागाराकडे आहे. म्हणजे जे खाते राज्याचे जुने कागद जपते, तेच माजी राज्यपालांचे चेहरेही जपते. रंगविलेला चेहरा स्वतः काही बोलत नाही. चित्रकाराने घडीचा कोट, शांत डोळे आणि पाठीमागे गडद पडदा रंगविला, की लाच घेणारा आणि न घेणारा सारखेच दिसतात. बोलावयाचे ते खालच्या पट्टीने. कार्यकाळ कोणता, कोणते कायदे केले, कोणत्या तारखेला कोणत्या न्यायालयात काय झाले, तिजोरीत किती रक्कम परत आली, आणि निकाल पुढे बदलला असल्यास तोही. चार ओळी पुरतात. त्यात विशेषण एकही नको. आपल्या संस्थांच्या सोनेरी अक्षरांच्या फलकांनाही अशी एक ओळ जोडता येईल. ती ओळ लिहिण्याचा ठराव कोणी मांडावयाचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो त्या माणसाच्या मित्राने मांडावा.

ॲनापोलिसच्या राज्यभवनात २०१५ पासून घुमटाखालच्या मध्यवर्ती दालनात आणखी एक वस्तू प्रदर्शित करण्यात आली. १७८३ साली राजीनामा देताना वॉशिंग्टन यांनी वाचलेल्या भाषणाची, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील प्रत. एका कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही प्रत राज्याने २००७ साली मिळविली. घडीच्या खुणा आणि खाडाखोड तिच्यावर स्पष्ट दिसतात. ॲग्न्यू यांचे राजीनामापत्रही उपलब्ध आहे. ते तत्कालीन परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावे आहे, टंकलिखित आहे आणि त्यात एकच वाक्य आहे. कारण दिलेले नाही.